पडलेल्या घराची तुळई

गेल्या श्रावणांत मी एक लहानसा चौरंग करावयास घेतला. महालक्ष्म्यांपुढें नैवेद्याचें ताट ठेवावयास तो हवा होता. महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माणसानें सुतारकामांत हात घालावा यांत कांहींसें हास्यास्पद आहे, हें मला मान्य आहे. परंतु आमच्या मागच्या पडवींत एक करवत, दोन रंधे, चार पटाशा आणि एक गुण्या एवढा संसार मीं जमविला आहे, आणि उत्तरपत्रिका तपासून डोकें शिणलें म्हणजे तेथें लांकूड तासण्याइतकें सुख मला दुसऱ्या कशांत वाटत नाहीं. सणासाठीं दरसाल कांहींतरी वस्तु घरीं होते. २०१८ सालीं महाराष्ट्रांत थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हां शेजाऱ्यांनीं माझ्या दूरदृष्टीचें कौतुक केलें. वास्तविक ती दूरदृष्टि नव्हती, हौस होती.

यंदा मात्र वखारींतून सागवानाची फळी आणली नाहीं. माकणीच्या आमच्या जुन्या घराची एक तुळई तीसांहून अधिक वर्षें गोठ्यांत पडून होती, ती आणविली. आणि तिनें मला जो प्रश्न घातला तो अजून सुटलेला नाहीं.

माकणी हें धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांतील गांव. तेरणेवरील धरणामुळें त्याचें नांव बाहेर थोडेंबहुत ठाऊक आहे. १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस, पहाटें चार वाजावयाच्या सुमारास झालेल्या भूकंपाला लोक किल्लारीचा म्हणून ओळखतात. परंतु सास्तूर आणि आमचीं आसपासचीं गांवेंहि त्याच टापूंत येतात. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक उशिरां निजले होते. महालक्ष्म्यांना माहेरीं आलेली माझी आत्या अनंत करून दुसऱ्या दिवशीं सासरीं निघणार होती.

आमच्याकडील माळवदाचें घर ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांना थोडें सांगितलें पाहिजे. दगडमातीच्या दोन-तीन फूट रुंदीच्या भिंती. आंत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवें लांकूड, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणावयाचें. घराचें मोजमाप खणांनीं. उन्हाळ्यांत असें घर थंड आणि थंडींत उबदार. गळूं नये म्हणून पावसाळ्यापूर्वीं वर आणखी माती घालावयाची, आणि घर वर्षावर्षानें जड होत जावयाचें. भूकंपानंतर कित्येक ठिकाणीं असें आढळलें कीं, छताचा भार लांकडी खांबांवर होता तेथें सांगाडा उभा राहिला व भिंती ढासळल्या. आमचेंहि तसेंच झालें. एकाच खणांत मात्र तुळईचें एक टोंक खांबावर नसून भिंतींत होतें. भिंत गेली तशी ती तुळई गेली. त्या खणांत आत्या निजली होती. त्या पहाटें सबंध टापूंत जीं आठ-दहा हजार माणसें गेलीं त्यांतली ती एक.

आईनें तुळई पाहतांच ओळखली. पाळण्याच्या कडीचें भोंक तिच्यांत अजून आहे. त्या कडीला टांगलेल्या पाळण्यांत मी वाढलों. ती म्हणाली, "हें लांकूड देवीपुढें नको. वन्संचा जीव घेतलाय त्यानें."

लांकडाला हेतु नसतो आणि हेतूवांचून अपराध नाहीं, हें सिद्ध करणें माझ्या धंद्याच्या माणसास कठीण नव्हतें. पण मनुष्यजातीचा इतिहास आईच्या बाजूचा आहे. प्राचीन अथेन्समध्यें ज्या दगडानें वा लोखंडानें माणूस मेला असेल त्याची चौकशी प्रायटेनियम नांवाच्या न्यायासनापुढें होई. इंग्लंडांत मृत्यूस कारण झालेली वस्तु, मग ती गाडी असो वा घोडा, 'डिओडँड' म्हणून राजाकडे जमा करण्याची चाल शतकानुशतकें होती. आगगाड्यांच्या अपघातांत पंच इंजिनांवर मोठमोठ्या रकमा लावूं लागले, तेव्हां कोठें १८४६ सालीं पार्लमेंटनें ती रद्द केली. या लोकांना खुळे म्हणणें सोपें आहे. मला वाटतें, शोकाला कोणाच्या तरी दारीं जावें लागतें. एकहि दार नसेल तर तो लांकडाचें दार ठोठावतो.

आणि मला आणखी एक ठाऊक होतें. तुळई गाडींत चढवितांना गांवचा म्हातारा सुतार म्हणाला होता, "लाकडाचं काय चुकलं, सर? जसं ठिवलं तसं ऱ्हातं ते. एक खांब वाचावा म्हणून तुमच्या आज्यानं टोक भिंतीत घालाया लावलं, आन् माझ्या आज्यानं घातलं." तें ऐकून मी गप्प राहिलों. कारण त्याच वर्षीं ज्येष्ठांत माळवदावर जी माती पडली तिच्या टोपल्या मीं वाहिल्या होत्या. तेव्हां मी नुकता पदवीधर झालों होतों, आणि वडिलांना मदत केल्याचा मला अभिमान वाटला होता.

आजोबांनीं काटकसर केली, मीं कष्ट केले. दोन्ही गोष्टी चांगल्या गृहस्थाच्याच. सद्हेतु हा स्वयमेव चांगला, परिणामानें त्याचें मोल घटत नाहीं, हें कांटचें मत मी वर्गांत शिकवितों, व तें मला पटतेंहि. तरी रंधा फिरूं लागला, वरची काळी साल निघून आंतलें ताजें लांकूड दिसूं लागलें, तेव्हां माझा हात थांबला. लांकडाला निर्दोष ठरविण्याची मला एवढी घाई कां, असा विचार मनांत आला. पुराव्याला रंधा मारून तो गुळगुळीत करावा असें तर हें नव्हे? १९४० सालीं बाँबवर्षावांत कॉव्हेंट्रीचें प्रार्थनामंदिर जळालें, आणि छताच्या दोन जळक्या तुळया बांधून तेथें क्रूस उभारला गेला. पण त्या तुळया कोणीं तासल्या नाहींत. मींहि मग कडीच्या भोंकाजवळचा भाग तसाच ठेवला.

आईचा आक्षेप भोळेपणाचा आहे असें मला आतां वाटत नाहीं. या लांकडाचें काय करावें हें ठरविण्याचा पहिला अधिकार ज्याचें गेलें त्याचा; ज्याला तें लांकूड आवडतें त्याचा नव्हे. मात्र तो अधिकार आईचाहि सर्वस्वी नव्हता. आत्याला एक मुलगी आहे. त्या रात्रीं ती आठ वर्षांची होती व अंगणांत माझ्या आईजवळ निजली होती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला ती आली तेव्हां चौरंग अर्धवटच होता. देवीपुढें ताट पाटावर ठेवलें होतें. मीं तिला पडवींत नेऊन सर्व सांगितलें, टोपल्यांचेंहि. आई दारांत उभी होती. बहिणीनें भोंकांत बोट घालून पाहिलें. बराच वेळ ती बोलली नाहीं.

"दादा, हा मला दे," ती शेवटीं म्हणाली. "पाय केवढे करणार?"

मीं नऊ इंच म्हणून सांगितलें.

"सहा कर. घरांत नातू आहे; वर चढून पडेल."