शीत प्लाझ्मा आणि रोग्याची संमति

अर्धांगवायूच्या झटक्यांत पुष्कळदां रोग्याची वाचाच जाते. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली, कीं उपचारावांचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटास सुमारें १९ लक्ष चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ सालीं मांडला गेला. गुठळी विरघळविणारें औषध आहे. पण तें साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि मेलेली पेशी त्यानें उठत नाहीं. म्हणून नव्या उपायांकडे डोळे लागतात. शीत प्लाझ्मा हा त्यांतलाच एक.

विजेच्या योगानें ज्याचे कांहीं अणू फुटून विद्युत्कण मोकळे झाले आहेत, असा वायु म्हणजे प्लाझ्मा. 'शीत' प्रकारांत हे कण अतिशय तप्त असूनही वायु हातास सोसण्याजोगा राहतो. हवेशीं संयोग होऊन त्यापासून नायट्रिक ऑक्साइड उत्पन्न होतें; तें रक्तवाहिन्या रुंदावतें. जखमा भरण्याकडे या प्लाझ्माचा उपयोग झाला आहे. रक्तावांचून तडफडणाऱ्या मेंदूस त्याचा लाभ होईल काय, याचा शोध प्रयोगशाळेंत पेशींवर व प्राण्यांवर झाला आहे. मौज अशी, कीं हेंच नायट्रिक ऑक्साइड मेंदूंत बेसुमार झालें तर पेशींचा घात करतें. वैद्यांस येथें बचनागाची आठवण होईल.

आतां रोगी मुका, वेळ पळतो आहे, आणि आप्त म्हणतात, "वाटेल तें करा!" असा अपुऱ्या पुराव्याचा उपाय त्याच्यावर करावा काय? 'नाहीं तरी तो हातचा गेलाच आहे' हा युक्तिवाद मला लबाडीचा वाटतो. असे पुष्कळ रोगी काठी टेकीत, अडखळत बोलत वर्षानुवर्षें जगतात. त्यांच्यापाशीं गमावण्यासारखें पुष्कळ उरलेलें असतें. आप्तांची आर्तता खरी. पण ती त्यांची, रोग्याची नव्हे.

एनएक्सवाय-०५९ नांवाचें मेंदूरक्षक औषध प्राण्यांवर यशस्वी ठरलें. २००६ सालीं सुमारें १,७०० रोग्यांवरील चाचणींत त्यानें अपंगत्व कमी झाल्याचें दिसलें. पुढल्याच वर्षीं सुमारें ३,३०० रोग्यांवरील दुसऱ्या चाचणींत तो गुण कोठेंच आढळला नाहीं. ती दुसरी चाचणी झालीच नसती तर?

तथापि अशा रोग्यास चाचणींत घेऊंच नये, हेंही निर्दयपणाचें. अमेरिकेंत १९९६ सालीं झालेल्या नियमानें, जिवावरच्या प्रसंगीं संमति अशक्य असल्यास कडक अटींवर तिच्यावांचून चाचणी करतां येते. मात्र समाजास आधीं कळवावें लागतें, आणि रोगी सांवरल्यास त्यासही. एकास उपाय व दुसऱ्यास नेहमींची शुश्रूषा, अशी चिठ्ठ्या टाकून वांटणी करणें आप्तांस क्रूर वाटतें. परंतु ज्या डॉक्टरास खरोखर ठाऊक नाहीं, त्यानें ठाऊक असल्याचा आव आणून यंत्र लावण्यापेक्षां ती चिठ्ठी अधिक प्रामाणिक आहे. उद्यां कोणी फी घेऊन हें यंत्र लावूं लागला, तर घरच्या मंडळींनीं त्यास प्रथम विचारावें, कीं ज्यांस तें लावलें नाहीं अशा रोग्यांची नोंद कोठें आहे?