मनीची सुई

मधुमेह मांजरांनाही होतो, आणि त्यांनाही इन्सुलिन टोचावं लागतं, बहुधा दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी. पाठीवरची किंवा कुशीजवळची सैल कातडी चिमटीत धरायची आणि बारीक सुई आत सरकवायची; ताटलीत तोंड खुपसलेल्या मनीला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढणं मात्र तिला खपत नाही. तरी तो घरीच काढलेला बरा, कारण दवाखान्यात नुसत्या भीतीनं तिची साखर चढते.

खरी कसोटी लागते ती जेवली नाही तेव्हा. घड्याळ म्हणतं टोच, ताटली म्हणते थांब. अशा वेळी ताटलीचं ऐकावं आणि डॉक्टरांना फोन लावावा. वाढलेली साखर काही तास चालून जाते. एकदम उतरलेली जिवावर बेतते. झोकांड्या जाऊ लागल्या, तर हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठायचा. आकडा जरा जास्त दिसला म्हणून मनानंच डोस वाढवणारी माया मला तरी धोक्याची वाटते. आणि हो, सिरिंज बाटलीशी जुळणारीच हवी. ४० युनिटच्या इन्सुलिनला १०० ची सिरिंज लावली, की हिशेब अडीचपट चुकतो. वेळीच नीट उपचार मिळाले, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही.