दूरचा वारस

कोयनानगरला शिवसागराच्या पाण्याकडे तोंड करून निवांत बसा. श्वासाला त्याच्या चालीने येऊ-जाऊ द्या. मग मनाला एकच प्रश्न विचारा: माझ्या आजोबांच्या चुलतभावाच्या नातवाचं नाव काय?

बहुतेकांना ते आठवत नाही. हरकत नाही. त्या न आठवण्यापाशीच थोडा वेळ थांबा. भावकीत इतक्या लांब असलेला एखादा माणूस उद्या आपल्या घराचं नाव चालवणारा असू शकतो, हा विचार सावकाश आत उतरू द्या.

ब्रिटनच्या उमराव घराण्यांत हे वरचेवर घडतं. पदवीधारक निपुत्रिक गेला की पदवी वंशावळीत वर चढते आणि भावाच्या, चुलत्याच्या शाखेतून खाली उतरते. मुली बहुधा वगळल्या जातात. दत्तक मुलाला तर पदवी मिळतच नाही. नातं रक्ताचं हवं, मग ते कितीही लांबचं असो.

आपल्याकडे रीत वेगळी. भावकीतला मुलगा मांडीवर घ्यायचा, दत्तविधान करायचं, आणि त्या क्षणापासून तो या घरचा.

आता समोरच्या पाण्यावर नजर ठेवा. हे खोरं पूर्वीच्या सातारा राज्यातलं. याच जलाशयाच्या वरच्या अंगाला वासोटा आहे. 1818 मध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा सातारच्या राजघराण्यातली माणसं तिथे पेशव्यांच्या कैदेत होती. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंहांना गादीवर बसवलं. ते कोणाचे पुत्र? धाकट्या शाहूंचे. आणि धाकटे शाहू कोण? वावीच्या भोसल्यांचा मुलगा, कुळाच्या दूरच्या शाखेतला, 1777 मध्ये छत्रपती रामराजांनी दत्तक घेतलेला. म्हणजे कंपनीने ज्यांना छत्रपती म्हणून मान्य केलं, त्यांचा हक्कच मुळी दत्तकातून आलेला होता.

ही गोष्ट मनात धरून ठेवा.

1839 मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि त्यांचे भाऊ अप्पासाहेब गादीवर आले. 5 एप्रिल 1848 रोजी अप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी काही तास त्यांनी आप्तांतला एक मुलगा दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचं मत दत्तक मान्य करावं असं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी मात्र म्हटलं, दत्तक मुलाला खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. लंडनने 1849 मध्ये त्यावर शिक्का मारला. सातारा खालसा झालं. हा उघड अन्याय होता. 1818 साली चाललेला दत्तक 1848 मध्ये चालेना, यात बदललं होतं ते फक्त कंपनीचं बळ.

राग आला असेल तर येऊ द्या. त्याला लगेच घालवू नका, फक्त त्याच्याकडे पाहा. आणि पाहता पाहता डलहौसींच्या स्वतःच्या घराकडे वळा.

ते, म्हणजे जेम्स रॅमसे, स्कॉटलंडमधल्या डलहौसीचे दहावे अर्ल. थोरले दोन भाऊ आधीच गेले म्हणून घराण्याची पदवी या तिसऱ्या मुलाकडे आली होती. 1849 मध्येच त्यांना मार्क्विस ही नवी, वरची पदवी मिळाली. 19 डिसेंबर 1860 रोजी ते वारले. मागे दोन मुली, मुलगा नाही. नवी पदवी त्यांच्याबरोबर संपली. जुनं अर्लपद चुलतभाऊ फॉक्स मॉल यांच्याकडे गेलं. 1874 मध्ये तेही निपुत्रिक गेले, तेव्हा आणखी एक चुलतभाऊ, जॉर्ज रॅमसे, बारावे अर्ल झाले. कोणी हरकत घेतली नाही. ती पदवी आजही चालू आहे.

निपुत्रिक जाण्याचं दुःख साताऱ्यात आणि स्कॉटलंडमध्ये सारखंच. आपल्यामागे कोणी नाव घ्यावं ही माणसाची आस दोन्हीकडे तीच. एका ठिकाणी कायद्याने ती जपली, दुसरीकडे तिथली रीत मोडीत काढली गेली. या दोन घरांवर एकदमच लक्ष ठेवता येतं का, पाहा. जमायला वेळ लागतो.

1857 नंतर सरकारला शहाणपण आलं, आणि 1862 मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. 1875 मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ, गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला शेतकऱ्याचा मुलगा, दत्तक घेतला. तेच सयाजीराव. 1906 मध्ये त्यांनी बडोदा संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. साताऱ्याच्या त्या मुलाला संधी मिळती तर त्याने काय केलं असतं, हा प्रश्न इथे मनात उठतो. त्याला उत्तर नाही. तो तसाच राहू द्या.

आता या पाण्याखालच्या गावांचं स्मरण करा. कोयना धरणासाठी इथली माणसं उठली, विखुरली. त्यांच्या घरी वारस म्हणजे गादी नव्हे. सात-बारावरची नोंद, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, ग्रामदैवताचा मान. एका पणजोबांची पतवंडं वेगवेगळ्या जिल्ह्यांत वाढली, आणि एकमेकांना ओळखेनाशी झाली. मला वाटतं, राज्य जाण्याइतकंच हे जाणंही मोठं आहे. त्याची दप्तरं तेवढी जाड नाहीत.

आता उठा. घरी गेलात की सर्वांत वयस्कर माणसापाशी बसा. आजोबांना चुलतभाऊ किती होते, कुठे गेले, त्यांची मुलं कोण, हे विचारा आणि नावं वहीत लिहून घ्या. मुलींची नावंही लिहा. त्यातल्या एकाला तरी याच आठवड्यात फोन करा.