गरज आणि रीत

गरजेपोटी मारलं तर पाप नाही, हौसेपोटी मारलं तर पाप. आमच्याकडं शिकारीचा हिशोब एवढ्यावरच मिटतो. पाटण खोऱ्यात शेती करणाऱ्याला तो सोयीचाही आहे. मक्याला कणीस धरलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत सगळी मेहनत लोळवून जातात. पंचनामा होतो, भरपाई येते तेव्हा येते. पीक मात्र गेलं ते गेलंच. अशा माणसापुढं पापपुण्याची गोष्ट काढायला जीभ रेटत नाही.

तरीही या हिशोबात काहीतरी राहून जातंय असं मला वाटायला लागलं, ते माझ्या पुतण्यामुळं. तो बरीच वर्षं अमेरिकेत, कोलोराडोत आहे. येत्या सप्टेंबरात तो पहिल्यांदा एल्कच्या शिकारीला निघालाय, तेही धनुष्यबाण घेऊन. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं जनावर, पण सांबरापेक्षा थोराड. नर तीनशे किलोच्या पुढं भरतो. जागा ठरलीय व्हाइट रिव्हर नावाच्या सरकारी जंगलात. सुमारे २३ लाख एकरांचं ते रान. आपल्या गायरानासारखं, कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं.

फोनवर मी सरळच विचारलं, "तुला तिकडं खायला कमी हाय का रं?"

"न्हाई, आबा."

"मग ही हौसच की."

"हौसच म्हणा."

त्यानं आडवळण घेतलं नाही, हे मला बरं वाटलं. मग तो तयारी सांगत गेला. शिकारीचं शिक्षण घेऊन दाखला काढावा लागतो, तो काढलाय. धनुष्याची ओढ किमान ३५ पौंडांची हवी, असा तिथला नियम. आमिष टाकायचं नाही, रात्री बत्ती मारून शिकार करायची नाही, खाण्याजोगं मांस रानात सोडून यायचं नाही. नकाशावर पाणी कुठं, कुरण कुठं, दाट झाडी कुठं, हे तो महिनोन्महिने बघतोय. सकाळी डोंगरावरचा वारा खाली वाहतो, ऊन चढलं की वर. त्या वाऱ्याला धरूनच चालायचं, नाहीतर माणसाचा वास आधी पोचतो. हे आमच्या मेंढक्यांना कुणी शिकवावं लागत नाही, त्याला मात्र शिकावं लागलं.

माझा खरा आक्षेप धनुष्यावर होता. बंदुकीनं लांबून, नेमकं मारता येतं. बाणानं जनावर रक्त जाऊन मरतं. फुप्फुसात बसला तर थोड्याच वेळात पडतं. पोटात बसला तर तासन्‌तास तळमळत हिंडतं. शिकार अवघड करून घ्यायची हौस माणसाची, पण नेम चुकला तर भोगायचं जनावरानं. हा कुठला न्याय?

तो जरा थांबला. मग म्हणाला, "म्हणूनच ठरवलंय आबा, तीस पावलांच्या पुढं बाण सोडायचा न्हाई. सरावात मी साठ पावलांवर मारतोय. पण रानात धाप लागलेली असती, हात कापत्यात."

"आन् शेवटच्या सांजंला चाळीस पावलांवर उभं ऱ्हायलं तर?"

"तर बघायचं आन् माघारी यायचं."

बाण लागल्यावरही लगेच मागं धावायचं नाही. निदान अर्धा तास थांबायचं, मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा, सापडेपर्यंत. सापडलं की नव्वद-शंभर किलो मांस पाठीवरून खेपा करून खाली आणायचं. सप्टेंबरात दिवसा ऊन असतं, उशीर झाला तर मांस नासतं. गाडीपासून किती लांब मारायचं, हे म्हणून पाठीच्या ताकदीवर ठरतं. उचलता येईल तेवढंच मारावं, हे गणित त्यानं घरी बसूनच मांडलंय.

हे ऐकताना मला आमच्याकडचे गावठी बॉम्ब आठवत होते. पिठाच्या गोळ्यात दारू भरून बांधावर ठेवतात. डुक्कर चावतं आणि जबडा फुटतो. ते तिथं पडत नाही. झाडीत जाऊन, खाणंपिणं तुटून, दिवसेंदिवस कुढत मरतं. त्याच्या मागावर कुणी जात नाही. तो गोळा गाईनं खाल्ला तरी तेच होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय शिकार गुन्हा आहे, म्हणून सगळं अंधारात. आणि अंधारातल्या कामाला तीस पावलांची रेघ कोण आखणार?

म्हणजे गरज आमची खरी आणि रीत वाईट. त्याची गरज काहीच नाही आणि रीत बरी. जुना हिशोब इथं अडतो. का मारलं, याचं उत्तर गरज देते. कसं मारलं, याचं उत्तर तिच्याकडं नसतं. ते वेगळं द्यावं लागतं, आणि ज्याचं पीक गेलंय त्यालाही ते चुकत नाही.

पुतण्याच्या शिकारीला मी अजून बरं म्हटलेलं नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्यानं जीव का घ्यावा, हा माझा प्रश्न तसाच आहे, आणि तोही त्याला उत्तर असल्याचा आव आणत नाही. पण बांधावरचा गोळा मला आता नुसता गरजेच्या नावावर खपवता येत नाही. माच बांधून राखण करता येते, कुंपण घालता येतं, परवानगीचा अर्ज करता येतो. यात झोप जाते, पैसा जातो, हेलपाटे होतात. हा खर्च आपण टाळतो, तेव्हा तो डुकराच्या जबड्यातून वसूल होतो.