आजीचा गळा

एक प्रश्न बरीच वर्षं माझ्या मानगुटीवर बसलाय. जो देव आपण टाकला, त्याचं गाणं मनात घोळत राहिलं तर तो द्रोह का? तुम्ही लगेच उत्तर द्याल. मीही दिलं होतं.

माझी आजी पहाटे जोंधळा दळायची. गावात गिरणी आली होती, पण गिरणीवाला आमचं दळण सगळ्यांच्या शेवटी घेई. म्हणून जातं सुटलं नव्हतं. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली, मागोमाग आमच्या वस्तीनंही धम्म घेतला. तेव्हा घरातला देव्हारा तिनंच उचलला. खंडोबाचा टाक, मरीआईचा तांदळा, सगळं टोपल्यात घालून डोहात सोडून आली. पण इठोबा काही टाकात नव्हता. तो ओवीत होता. एक ओवी इठोबाला, एक बाबासाहेबाला, एक भावाला, खुंटा फिरेल तशी. गळा सगळ्यांना एकच.

१९७८ साली मी औरंगाबादला कॉलेजात होतो. २७ जुलैला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळायला लागल्या. मी गावी आलो तो डोक्यात जाळ घेऊनच. पहाटे जाग आली तर कानावर इठोबा. उठलो नि उंबऱ्यावरनंच ओरडलो,

"आजी, बंद कर ते! ज्यानं चोख्याला पायरीशी ठिवला त्याला कशाला गातीस?"

तिनं जात्यात मूठभर वैरण घातली. म्हणाली, "बरं बाबा. तू शिकलेला हायेस."

इठोबा गेला. मला वाटलं, आता बाबासाहेब तेवढे राहतील. तेही गेले. नुसती घरघर. चार दिवसांनी मीच म्हणालो, बाबासाहेबाची म्हण की. तर म्हणाली, "निसती तेवढीच कशी यील?"

माझा मुद्दा चुकीचा नव्हता. आजही मी त्या देवळात हात जोडणार नाही. गांधींना उत्तर देताना बाबासाहेबांनी साफ सांगितलं की संतांनी जातीविरुद्ध मोहीम चालवली नाही. ते मी वाचलं होतं, भाषणात ठोकत होतो. पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ चा अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळ्याच्या स्मृतीला अर्पण केलाय, हे मी वाचलं नव्हतं. त्यांनी चोख्याचा मार्ग नाकारला, चोखा नाकारला नाही. हा फरक मला कळायला पंधरा वर्षं लागली. तोवर आजी गेली होती.

आणि मुद्दा बरोबर असला म्हणून काय? उंबऱ्यावर उभं राहून समोरच्यानं तोंडातनं काय काढायचं आणि काय नाही, हे आपल्याला आजवर कोण सांगत आलं? त्या पहाटे मी त्यांच्याच जागी उभा होतो. नुसतं पुस्तक माझं होतं.

प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. भीमगीतं गाणारा आपला माणूस, आणि आषाढीला पंढरीच्या वाटेवर कर्ण्यातून वाजतो तोही त्यांचाच आवाज. आपल्यातले काही म्हणतात, पोटासाठी गायले. असेल. पोट काय हलकी गोष्ट आहे? पण तो आवाज ऐका. नुसत्या पोटातनं असा आवाज निघत नाही. त्यांच्या आधीच्या कैक पिढ्यांनी दाराबाहेर उभं राहून जे गिळलं ते त्यात आहे. देवावर हक्क सांगू नका, पण त्या आवाजावर? तोही देवळाला देऊन टाकायचा का?

गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात बाबासाहेबांवरच्याही आहेत. बायकांनी गायल्या म्हणून उतरल्या. आमच्या घरात कुणी विचारायला आलं नाही, आणि आलं असतं तरी सांगणारीला मी गप्प केलं होतं.

परवा नातीनं विचारलं, तुमची आजी काय गायची? गळा अजून येतो मला. गुणगुणून दाखवला. शब्द एकाच ओवीचे आठवले, तेही अर्धे. जिथं नाव यायचं तिथनं पुढचं गेलंय. इठोबाचं होतं की बाबासाहेबाचं, काही केल्या आठवत नाही.