गुंजभर सोने आणि घटकाभर श्रम

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचे तराजू चालतात आणि पेढ्या बंद झाल्या की त्याच गल्लीत खाद्यपदार्थांची दुकाने रात्र जागवितात. जुन्या मापाप्रमाणे ८ गुंजांचा १ मासा व १२ माशांचा १ तोळा. म्हणजे गुंज हा तोळ्याचा ९६ वा भाग. एवढ्याशा भारालाही जेथे किंमत आहे, तेथे नोकराच्या वेळेचा लहानसा अंश कसा मोजावा, हा प्रश्न आपण स्वतःस विचारण्याजोगा आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून तास पूर्णांकात धरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आढळते. नोकर दहा मिनिटे उशिरा आला तर अर्धा तास कापावयाचा. माल तिजोरीत ठेवून निघेपर्यंत बारा मिनिटे अधिक गेली तर ती सोडून द्यावयाची. बारा मिनिटे ती काय! परंतु महिन्याचे २५ दिवस धरले तर ती ५ तास होतात आणि वर्षाकाठी ६० तास, म्हणजे आठ तासांचे साडेसात दिवस.

कायद्याची दृष्टी येथे सराफासारखीच बारीक आहे. गैरहजेरीबद्दलची कपात सामान्यतः गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर असू नये, हे तत्त्व १९३६ च्या वेतनविषयक कायद्यात होते. किमान वेतन ठरलेल्या नोकरास जादा कामाच्या प्रत्येक तासाबद्दलच नव्हे, तर तासाच्या अंशाबद्दलही मोबदला द्यावा, असे १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेने ही दोन्ही तत्त्वे राखली असून जादा कामाचा दर निदान दुप्पट ठरविला आहे.

कोणी म्हणेल, नोकरही चहाच्या निमित्ताने वेळ दवडतोच. असेल, त्याबद्दल त्यास उघडपणे विचारावे. एकाच्या आळसाची भरपाई दुसऱ्याच्या गुप्त हिशेबाने होत नाही. शिवाय पूर्णांक धरणे हाच दोष नव्हे. दोन्ही बाजूंस सारखाच लागू होणारा आणि आधी सांगितलेला नियम निदान प्रामाणिक तरी असतो. मात्र अंश दर वेळी एकाच पारड्यात पडू लागला, की ती सोय राहत नाही. ते अपहरण होते.

आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. सोने घेणाऱ्या ग्राहकासमोर तराजू उघडा असतो. काटा हलला तर तो बोलू शकतो. नोकराच्या वेळेचा तराजू मात्र मालकाच्या वहीत असतो, आणि नोकरी जाईल या भीतीने तो बोलत नाही. म्हणूनच येथे मालकाची जबाबदारी अधिक. ही गोष्ट पेढीपुरती नाही. घरी स्वयंपाकास वा धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंच्या बाबतीतही ती तितकीच खरी आहे.

तेव्हा वही नोकरास दाखवावी, आणि अंश सोडावयाचाच झाला तर तो त्याच्या पदरात पडू द्यावा. तराजू ज्याच्या हाती, त्याने पारडे आपल्याकडे झुकू न देणे, हीच त्याच्या सचोटीची खरी कसोटी होय.