ययातीचे मागणे आणि माझे



चाळीस वर्षे मी कीर्तनात ययातीची कथा सांगितली. शुक्राचार्यांचा शाप, भर तारुण्यात अंगावर आलेले म्हातारपण, एकेका मुलापुढे पदर पसरणारा बाप, आणि शेवटी धाकट्या पुरूने उतरवून दिलेले आपले तारुण्य. मंडपात आधी हशा पिकायचा, मग एकदम शांतता. सांगताना मीही मनातल्या मनात त्या राजाला हसत असे. आज माझे वय 73. आता तेवढे हसू येत नाही, आणि का येत नाही तेच तुम्हाला सांगायचे आहे.

गेल्या दिवाळीत थोरला मुलगा अमेरिकेतून आला. तो 48 वर्षांचा. रोज रात्री झोपण्यापूर्वी पोटाच्या कातडीखाली बारीक सुई टोचून घ्यायचा. मला वाटले, याला साखरेचा आजार जडला की काय. तो हसला. "आप्पा, आजार नाही. हे घेतलं की झोप गाढ लागते, अंग सुटत नाही. पुढच्या खेपेला तुमच्यासाठी आणू का? दिवेघाट पुन्हा चढाल."

दोन वर्षे झाली, मी दिवेघाट चढलेलो नाही. ते वाक्य कुठे लागले, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको.

औषध काय आहे ते मी त्याच्याकडून आणि मग आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. मराठीत तिला पीयूष ग्रंथी म्हणतात. पीयूष म्हणजे अमृत; नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे. ही ग्रंथी वाढीचे संप्रेरक रक्तात सोडते, पण नळासारखे सतत नाही. लाटा येतात, आणि सर्वांत मोठी लाट रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येते. 'सोड' अशी आज्ञा देणारा दूत मेंदूतून, ग्रंथीच्या वरच्या भागातून येतो आणि 'थांब' म्हणणाराही तिथूनच. माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ-मृदंग क्षणात थांबतात ना, तसेच हे. थांबवणारा दूत शास्त्रज्ञांना 1973 मध्ये सापडला, सोडवणारा 1982 मध्ये. हा दुसरा म्हणजे 44 अमिनो आम्लांची माळ. अशा लहान माळेला पेप्टाइड म्हणतात. तिच्या पहिल्या 29 मण्यांनीच काम भागते असे दिसले, त्याचे औषध झाले सर्मोरेलिन. 1997 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती वाढ खुंटलेल्या मुलांसाठी. अशा लेकराला सुई देणे हे पुण्यकर्मच. त्यात वाद नाही. पुढे कंपनीने ते बाजारातून काढले, पण मागणीप्रमाणे औषध बनवून देणाऱ्या दुकानांतून ते प्रौढांच्या हाती जात राहिले. आता त्याची भावंडेही पुष्कळ झाली आहेत.

मुलाचे म्हणणे असे: "बाहेरून संप्रेरक घेतलं तर शरीराचा ताल मोडतो. हे तर आपल्याच ग्रंथीला हाक मारतं. थांबवणारा दूत कामावर राहतो. आप्पा, यात कोणाचं काय घेतलं?"

त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. ययातीने पुरूचे घेतले. हा आपल्यातलेच आपण घेतो. मग दोष कुठे आहे?

तुमच्यातले काही जण लगेच म्हणतील, देह नाशवंत, त्याचे लाड कशाला? मला हे उत्तर फार स्वस्त वाटते. आपली परंपरा तारुण्याची वैरी नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन हे एक अंग आहे. अश्विनीकुमारांनी च्यवन ऋषींना तरुण केले आणि त्यांच्या नावाचा अवलेह आपण अजून चाटतो. मी रोज चाटतो. चरकाने तर औषधी रसायनांबरोबर आचाररसायनही सांगितले : खरे बोलणे, राग न धरणे, झोप-जागरण प्रमाणात ठेवणे. पोट रिकामे असताना जठर एक संप्रेरक सोडते, जपानी संशोधकांना ते 1999 मध्ये सापडले. ते भूक लावते आणि पीयूष ग्रंथीलाही हाक देते. उपवासात वाढीच्या संप्रेरकाच्या लाटा मोठ्या होतात. (म्हणून उद्यापासून कोणी संप्रेरकासाठी एकादशी धरू नये. आणि साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारून तर मुळीच नाही.)

आता फळ काय मिळते ते पाहू. 1990 मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या 12 पुरुषांना सहा महिने प्रत्यक्ष संप्रेरक टोचले. चरबी घटली, मांस वाढले. त्या एका निबंधावर मोठा बाजार उभा राहिला. पण 2008 मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या स्त्री-पुरुषांना, याच ग्रंथीला जागवणारी गोळी देऊन पाहिली होती. संप्रेरक तरुणांएवढे झाले, मांसही थोडे वाढले, पण ताकद आणि चालणे होते तिथेच राहिले, आणि उपाशीपोटीची साखर चढली. रक्त तरुण झाले, पाय नाही झाले. तिकडे इक्वेडोर देशात काही कुटुंबांत या संप्रेरकाचा देहावर परिणामच होत नाही. ती माणसे ठेंगणी राहतात, पण त्यांच्यात कर्करोग आणि मधुमेह जवळजवळ आढळत नाहीत. मग वयाबरोबर ही लाट ओसरते ती देहाची चूकच, असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

आमच्या डॉक्टरांनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "महाराज, तुमची साखर काठावर आहे. नको." मला सुटल्यासारखे वाटले. घरी येईपर्यंत कळले की सुटलो नाही. त्यांनी 'घ्या' म्हटले असते तर?

मी घेतले असते. आणि सर्वांना सांगितले असते, वारीसाठी घेतो, पांडुरंगाच्या सेवेसाठी घेतो.

दोन वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात, पूर्वार्ध संपतो न संपतो तोच पाय थरथरू लागले. खुर्ची आणली गेली. माझ्याजवळ शिकलेला 24 वर्षांचा मुलगा टाळकऱ्यांतून पुढे आला आणि त्याने ते कीर्तन पूर्ण केले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आशीर्वाद दिला, लोकांचे डोळे भरले. रात्री मला झोप आली नाही, पण ती गुडघ्यामुळे नव्हे. ययातीच्या कथेत ज्या जागी लोक मला हसत, त्याच जागी त्यालाही हसले होते. मला दिवेघाट हवा होता की ते हसणे हवे होते? राजाने निदान उघड भोग मागितला. मी त्याच मागणीवर विठ्ठलाचे नाव घालणार होतो.

आणि मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही मला त्याच आठवणीत सापडले. नारदाची गादी एकच असते. मी पुन्हा उभा राहिलो तर त्या पोराने पुन्हा बसायचे. सुईत कोणाचे काही नसेल, पण तिने मिळवलेली वर्षे मी त्याच्याच वाट्यातून घेतली असती, आणि पुरूसारखे त्याला कोणी विचारलेही नसते.

मुलाला मी 'थांब' म्हटलेले नाही. त्याचे वय वेगळे, त्याचा हिशेब त्याने करावा. साखर तपासत जा, आणि कशासाठी घेतोस ते एकदा स्वतःला मोठ्याने सांगून बघ, एवढे फोनवर बोललो. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बघतो, आप्पा."

यंदा वाखरीपर्यंत एसटीने जाणार आहे. तिथून पंढरपूर दीड-दोन कोस. तो पोरगा बरोबर असेल. मुक्कामी कीर्तन त्याचे. मी मागे टाळकऱ्यांत बसणार. माझा टाळ अजून चुकत नाही.